पलंगाखालून विचारलेला प्रश्न

रोम, ९ फेब्रुवारी १९७५

प्रिय ताई,

आईचं पत्र वेगळ्या पाकिटात आहे, ते तिला दे. हे तू एकटीच वाच.

तब्येत ठीक आहे. खोकला गेला. आता मुद्द्याचं.

मी सिनेमात आहे हे तुला माहीत आहे. आईला तू 'सिनेमाच्या कारखान्यात' असं सांगितलं आहेस, तेही खोटं नाही. पण कसल्या सिनेमात, ते मी तुलाही नीट लिहिलं नव्हतं. ज्यांची पोस्टरं भिंतीवर लागली की आई रस्ता बदलते, त्यातल्या. गोष्ट दर वेळी एकच असते. एक घर, एक जाडा काका, त्याची देखणी बायको, तिला सतत आंघोळ करायची असते, आणि कुलपाच्या भोकाला डोळा लावून बसलेला एक वेंधळा पुतण्या. तो पुतण्या मी. माझे कान मोठे आणि मान लांब आहे, त्यामुळे मला फार काही करावं लागत नाही.

नव्या सिनेमाचं नाव 'दार लावून घ्या, काकू'. त्यातल्या काकूचं नाव पोस्टरवर कारीन होल्म असं छापलं आहे. ती स्वीडनची वगैरे नाही. तिचं नाव एडा कोमुत्सी, गाव फ्रिउलीच्या डोंगरात, वडील गवंडी. आम्ही चार सिनेमांत एकत्र काम केलं. काम थांबलं की ती झगा गुंडाळून कोपऱ्यात शब्दकोडी सोडवत बसते. शब्द अडला की मला विचारते, कारण शाळा मी अर्धवट सोडली असली तरी शब्द चुकवत नाही.

नोव्हेंबरात मी तिला लग्नाबद्दल विचारलं. चित्रीकरण चालू असताना, पलंगाखालून.

तुला हे विचित्र वाटेल, म्हणून खुलासा करतो. आमच्याकडे कॅमेरा चालू असताना आवाज घेतच नाहीत. तो नंतर दुसरीच माणसं एका बंद खोलीत बसून भरतात. त्यामुळे समोर कोण काय बोलतं याची कुणाला फिकीर नसते. ज्याला वाक्यं पाठ नसतात तो आकडे म्हणतो, एकवीस, बावीस, तेवीस, फक्त चेहरा रागाचा किंवा प्रेमाचा ठेवतो. काका होणारा उबाल्दो जेवणाविषयी बोलतो. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडत असतो, शेजारी सुतार खिळे ठोकत असतात. त्या खोलीत माणसं भरपूर होती आणि ऐकणारं कुणीच नव्हतं. मला वाटलं, विचारायला हीच जागा बरी.

एडा टॉवेल गुंडाळून पलंगाच्या कडेला बसली होती, तोंड कॅमेऱ्याकडे. मी पलंगाखालून डोकं बाहेर काढून म्हणायचं होतं, 'काकू, मी मांजर शोधतोय.' मी म्हटलं, 'एडा, माझ्याशी लग्न करशील का?'

ती काहीतरी बोलली. ते मला पाठीमागूनही कळलं, कारण बोलताना तिचे खांदे हलतात. पण काय बोलली ते ऐकू आलं नाही. त्याच वेळी दिग्दर्शक ओरडत होता, 'टॉवेल! अगं, टॉवेल घसरू दे!'

शॉट संपला. तिनं झगा घेतला, माझ्याकडे पाहिलं, जराशी थांबली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखीच वागली. मी पुन्हा विचारलं नाही.

ताई, सिनेमा लवकरच तुमच्याकडे येईल. तिचा चेहरा पूर्ण पडदाभर आहे. तू तो पाहावास आणि ती काय म्हणाली ते मला कळवावंस. दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही.

तुझा,
कोर्रादो


मोल्फेत्ता, १८ फेब्रुवारी

कोर्रादो, गाढवा,

आपल्या बापानं आईला निदान मासळीबाजारात, दोन पायांवर उभं राहून विचारलं होतं.

घरात, गल्लीत, अख्ख्या गावात ऐकू येणारी माणसं भरली आहेत, आणि तुझं काम निघालं ते बहिरीकडे. असो. मला याचा राग नाही, गंमत वाटली.

पण गंमत संपली की काय उरतं ते ऐक. तो सिनेमा बंदराजवळच्या थिएटरात लागेल. तिथे बायका जात नाहीत. मी चौतीस वर्षांची, बिनलग्नाची. लग्न ठरलेल्या मुलींच्या चादरींवर रंगीत धाग्यानं नावाची अक्षरं भरून मी घर चालवते. चादरी मुलींच्या आया आणून देतात आणि आयांना सगळं कळतं. तुझ्या एका नवरीसाठी मी माझ्या सगळ्या नवऱ्या घालवायच्या का?

दुसरं. काताल्दोमामा परवा तारांतोहून आला होता. पोलादाच्या कारखान्यात गुदामावर माणूस हवा आहे, त्यानं तुझ्यासाठी शब्द टाकला आहे. ईस्टरपर्यंत उत्तर मागतोय. आई म्हणाली, 'हो म्हणून टाक.' मामा म्हणाला, 'पोराला विचारू तर दे.' आई म्हणाली, 'पोराला काय विचारायचं, पोरगं काय म्हणतं ते कधी कळलंय का मला? बोलताना जमिनीकडे बघतो.' हे मात्र खरं आहे. तुझं बोलणं वाचताना मला लहानपणापासून खाली वाकावं लागतं.

मी अजून जाईन असं म्हटलेलं नाही. पण समज गेले, तर काही गोष्टी आधी कळायला हव्यात. उजेड तिच्या तोंडावर समोरून आहे का? बोलताना हात किंवा केस ओठांवर येतात का? आणि उत्तरेकडचे लोक दात मिटून बोलतात, तशी ती बोलते का?

सेराफिना


रोम, २३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

विचारलंस ते क्रमानं सांगतो. उजेड समोरून आहे, भरपूर. केस टॉवेलात बांधलेले आहेत. उजव्या हातात कंगवा आहे, पण तो कानापाशी. दात मिटून बोलत नाही, मात्र तोंड पटकन मिटते. प्रसंग मध्यंतरानंतर लगेच येतो. काका जिन्यावरून पडला की सावध राहा.

मी इथे तो सिनेमा पहिल्या रांगेत बसून दोनदा पाहिला. ओठ हलतात एवढंच दिसतं. वरून भरलेला आवाज म्हणतो, 'हे घर आहे की प्राणिसंग्रहालय?' सगळं थिएटर हसतं. तो आवाज रोमच्या एका बाईचा आहे, जाड आणि मऊ. एडाचा स्वतःचा आवाज बारीक आहे, सर्दी झालेल्या मास्तरणीसारखा. मी जे बोललो त्याच्या जागी माझ्या तोंडातून मांजर शोधण्याबद्दलचं वाक्य येतं, तेही दुसऱ्याच माणसाच्या आवाजात. स्वतःला असं पाहणं बरं वाटत नाही.

तू विचारशील, तिलाच का विचारत नाहीस. ती सध्या युगोस्लाव्हियात काम करते आहे, ईस्टरनंतर परतेल. पत्रात काय लिहू? 'मी मागणी घातली होती, तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही' असं? ती नाही म्हणाली असेल तर बिचारीला तेच पुन्हा म्हणायला लावायचं?

उबाल्दोला मी नाव न घेता विचारून पाहिलं. त्यानं लगेच ओळखलं.

'अरे वाळक्या माशा, सरळ जाऊन विचार की!'

'आणि ती परत नाही म्हणाली तर?'

'तर दोनदा ऐकशील. मी तीन बायकांकडून रोज ऐकतो, मेलो का?'

माझा स्वभाव त्याच्यासारखा नाही. मी ठरवलं आहे ते असं: तिचं उत्तर नाही असेल, तर मामाला होकार कळवायचा आणि रोम सोडायचं. हो असेल, तर ती परतल्यावर तिच्यासमोर उभं राहायचं. मधलं काही मला सुचत नाही.

चादरींचं वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. तुला त्रास होणार असेल तर जाऊ नकोस. पण जाणार असलीस, तर मध्यभागी बस. कडेनं ओठ तिरपे दिसतात.

तुझा,
कोर्रादो


मोल्फेत्ता, १२ मार्च

कोर्रादो,

काल गेले.

दुपारचा खेळ होता. आईची काळी ओढणी डोक्यावरून घेतली होती. तिकीट देणाऱ्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, 'बाई, चर्च समोर आहे.' मी हाताची बोटं वर करून एक तिकीट मागितलं. त्यानं ते असं दिलं, की जणू माझ्या घरी कुणी गेलं आहे.

आत गेले तर अर्धं गाव. औषधवाला, कोळंबी विकणारे दोघे भाऊ, आणि आपल्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावणारा म्हातारा मॅउरो. मला पाहून सगळ्यांनी वर्तमानपत्रं वर केली. अंधार झाल्यावरच खाली आली.

तुझे कान खरंच मोठे आहेत. पडद्यावर ते पाहून मला हसू आलं आणि मग जरा रडू आलं. इतक्या दिवसांनी तुला पाहिलं ते दाराच्या भोकाशी.

काका जिन्यावरून पडला. मी सावध झाले. आणि नेमक्या त्या वेळी मॅउरोनं घरी जायचं ठरवलं. त्याला बहुतेक माझ्याकडे पाहून देव आठवला. तो माझ्यासमोरून सरकत गेला, त्याची टोपी मध्ये आली आणि तेवढ्यात तिचं बोलणं संपलं. सुरुवात दिसली, शेवट दिसला. मधलं गेलं.

अर्ध्यावरून मी काही सांगणार नाही. चांगलं वाटलं की वाईट, तेही विचारू नकोस. आज सकाळी पुन्हा गेले तर पाटी बदललेली. आता ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह येतोय, तेव्हा तर थिएटर बंदच राहील. कुठे लागतो ते बघते. थांब.

सिन्योरा पानून्त्सियोनं तिच्या मुलीच्या चादरी परत नेल्या. म्हणाली, घाई नाही. लग्न जूनमध्ये आहे.

सेराफिना


रोम, १७ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मी पुष्कळ वेळा वाचलं.

तू मला सांभाळून घेते आहेस. सुरुवात आणि शेवट दिसला म्हणतेस. एवढ्या लहानशा वाक्यात सुरुवात आणि शेवट दिसल्यावर उरतं काय? वाक्य 'हो' असतं तर त्याला मधला भागच नसता. तू वाईट बातमी सांगताना अशीच तुटक लिहितेस. बाबा गेले तेव्हाही तू लष्करात मला पत्र पाठवलं होतंस, 'बाबांना बरं नाही. ये.' मी आलो तेव्हा पुरून झालं होतं.

तुझ्यावर राग नाही. मी जे मागितलं ते तू केलंस, आणि त्यापायी चादरी गेल्या.

मामाला आजच पत्र टाकलं. पाच मेपासून कामावर हजर होतो असं कळवलं. इथली खोली एप्रिलअखेर सोडेन. उबाल्दोला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'पोलादाच्या गुदामात तुझ्या मानेचा काय उपयोग?' मग त्यानं मला कॉफी पाजली, हे त्यानं यापूर्वी कधी केलं नव्हतं.

आता सिनेमा पाहायला कुठेही जाऊ नकोस.

तुझा,
कोर्रादो


मोल्फेत्ता, ८ एप्रिल

कोर्रादो,

टपालवाल्यांच्या संपामुळे तुझं १७ मार्चचं पत्र मला काल मिळालं. 'कुठेही जाऊ नकोस' हे वाचलं तेव्हा मी जाऊन आले होते.

तुझ्या डोक्यात काय भरलं आहे? मी 'थांब' लिहिलं होतं. थांब म्हणजे थांब. बाबांच्या वेळचं काढू नकोस. तेव्हा तू बराकीत एकटा होतास आणि मला वाटलं, अशी बातमी माणसाला कागदावर कळू नये. यावेळी मी सांभाळून वगैरे काही घेतलेलं नाही. टोपी म्हणजे टोपी.

आता ऐक. ईस्टरनंतरच्या रविवारी सिनेमा बारीला लागला. मी एकटी गेले नाही. नन्सच्या शाळेतल्या आमच्या वर्गातल्या चौघींना घेतलं. पास्क्वा तुला आठवत असेल, बंदरावर मासे निवडते, आवाज सगळ्यात मोठा. बाकीच्या तिघी बारीच्याच. आईला सांगितलं, जुन्या मैत्रिणींकडे जाते. तेही खोटं नाही.

तिकिटाच्या खिडकीतल्या बाईनं आम्हा पाचजणींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. 'सहल कुठल्या मठाची?'

पास्क्वा म्हणाली, 'बहिऱ्यांच्या! सूट मिळते का? आम्हाला अर्धाच सिनेमा मिळतो.'

पण कोर्रादो, अर्धा नाही. आम्हाला वेगळाच सिनेमा मिळाला. काका मरायला टेकतो तो प्रसंग आठवतो ना? म्हाताऱ्या नर्सचा हात धरून तो छताकडे बघतो, लोक शांत बसले होते, बहुतेक वरून काही दुःखी वाजत असावं. आणि तो तुमचा उबाल्दो नर्सला सांगत होता, 'तुझं कोपर काढ माझ्या पोटावरून. आधीच दुपारचा भात कच्चा होता, आणि त्या चोरानं त्यात शिंपले म्हणून काय घातलं होतं देव जाणे.' आम्ही पाचही जणी फुटलो. हसू आवरेना. पुढच्या रांगेतला एक माणूस वळला, मिशा थरथरत होत्या. 'अहो, लाज आहे का? माणूस मरतोय!'

पास्क्वा म्हणाली, 'मरत नाहीये, भाताची तक्रार करतोय!'

सगळं थिएटर आमच्याकडे बघायला लागलं. दिवा घेऊन माणूस आला. त्याला वाटलं, आम्ही प्यायलो आहोत.

तुझा पलंग त्याआधीच येऊन गेला होता, तो आता सांगते. मी आधीच बजावून ठेवलं होतं, की कुणी कुणाकडे बघायचं नाही. बाहेर पडल्यावर प्रत्येकीनं आपापल्या तिकिटाच्या मागे लिहायचं, मगच दाखवायचं. शाळेत नन्स अशीच परीक्षा घ्यायच्या, हात बाकाखाली दाबून ठेवायला लावून, म्हणजे खुणांनी कुणी कुणाला सांगू नये. त्या हातांचा राग मला अजून आहे, पण वाचायला त्यांनी शिकवलं ते पक्कं.

पाचही तिकिटांवर एकच वाक्य होतं:

'हे मला अंगावर कपडे असताना विचार.'

पास्क्वाच्या तिकिटावर पुढे 'मूर्खा' असाही शब्द आहे. ती म्हणते, तोंड वळवताना तो ओठांवर होता. बाकी चौघींना दिसला नाही. मला वाटतं तो पास्क्वाचा स्वतःचा आहे.

तेव्हा बघ. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिनं तुला एक साधं काम सांगितलं. ते तू नोव्हेंबरापासून केलेलं नाहीस. झगा घालून ती तुझ्यासमोर थांबली होती असं तूच लिहिलं आहेस. तिच्या मते तू तिचं बोलणं ऐकलंस, आणि झग्यातल्या बाईला पाहून तुझा विचार बदलला. तेव्हापासून ती हेच धरून बसली असेल. तुला वाटलं ती नाही म्हणाली, तिला वाटलं तू माघार घेतलीस, आणि दोघं रोज मांजरं शोधत होतात.

तारांतोचं तू ठरव. मामा कपडे शिवून घ्यायला सांगतोय. तू तिथे असतास तर दर रविवारी घरी आला असतास आणि मी आईबरोबर एकटी नसते. हे लिहून झालं आहे, आता खोडत नाही. पण मी तिकिटावर वाचलं ते तसंच लिहिलं आहे.

सेराफिना


रोम, १९ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. एडा मंगळवारी परतली. मी गुरुवारी गेलो. मधला बुधवार मी काय बोलायचं ते लिहून काढण्यात घालवला आणि तो कागद खोलीवरच विसरलो.

ती सान जोव्हान्नीजवळ एका बाईकडे भाड्यानं राहते. घरमालकीण म्हणाली, ती ट्रामच्या थांब्यावर आहे. पाऊस पडत होता. एडाच्या अंगावर लांब कोट होता, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, डोक्यावर टोपी, हातमोजे, पायात रबरी बूट. मी सगळं नीट पाहून घेतलं. याहून जास्त कपडे माणसाच्या अंगावर असू शकतात असं मला वाटत नाही.

मी म्हटलं, 'एडा, माझ्याशी लग्न करशील का?'

तिनं टोपी मागे सारून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, 'आत्ता? पाच महिन्यांनी?'

'मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं.'

'मग काय ऐकू आलं?'

'टॉवेल.'

ती हसली नाही. 'मी तेव्हा मनात म्हटलं, पोरगा शहाणा निघाला. विचारलं, घाबरला आणि गप्प बसला. बाकीचे घाबरल्यावर फुलं पाठवतात. मला तेवढंच बरं वाटलं होतं, की तू फुलं पाठवली नाहीस.'

'मी घाबरलोच होतो.'

'ते दिसतंय. आजही कोटाच्या गुंडीशी बोलतोयस. वर बघ.'

मी वर पाहिलं. तिनं विचारलं, 'मग आज कसं कळलं?'

मी सगळं सांगितलं. तू, बंदराजवळचं थिएटर, मॅउरोची टोपी, बारी, पाच तिकिटं. पास्क्वाचा शब्द सांगितला नाही. ती ऐकत राहिली. तिची ट्राम आली आणि गेली. मग दुसरीही गेली.

'तुझी बहीण माझं बोलणं वाचते?'

'हो.'

'माझं? त्या रोमच्या बाईचं नाही?'

'त्या बाईचं ताईला ऐकूच येत नाही.'

'बाकीच्या सिनेमांतलंही वाचू शकेल?'

'उजेड समोरून असेल तर.'

ती थांब्यावरच्या ओल्या बाकावर बसली. मी तिला तारांतोचंही सांगितलं, कारण ते लपवणं बरोबर नव्हतं. मामाला शब्द दिला आहे आणि तो मी मोडणार नाही. ती म्हणाली, 'तिथे थिएटरं आहेत?' मी म्हटलं, आहेत. 'म्हणजे तिथल्या भिंतींवरही मी असेन.' मी म्हटलं, हो, आणि खालच्या कोपऱ्यात भोकाशी मीही असेन. यावर मात्र ती हसली.

मग तिनं तुझा पत्ता मागितला. मी लिहून दिला. विचारलं, 'आणि माझं उत्तर?'

'तुझं नंतर.'

ताई, तिनं तुला पत्र लिहिलं तर जे असेल ते मला कळव. मी अंदाज करायचं सोडून दिलं आहे.

तुझा,
कोर्रादो


रोम, २४ एप्रिल

सेराफिनाताई,

आपली ओळख नाही, म्हणजे माझी तुमच्याशी नाही. तुम्ही मला पाहिलं आहे, आणि तेही टॉवेलात. पण मला लाज त्याची वाटत नाहीये. टॉवेलात मला इतक्या लोकांनी पाहिलं आहे, की तो आता माझा गणवेश झाला आहे.

मी अकरा सिनेमांत बोलले आणि माझा एकही शब्द कुणी ऐकलेला नाही. दुसऱ्या सिनेमाच्या वेळी मी हट्ट केला होता, की माझा आवाज मीच देईन. त्यांनी मला बंद खोलीत नेलं, दोन वाक्यं म्हणायला लावली आणि काचेपलीकडचा एकजण म्हणाला, 'ही स्वीडनची बाई डोंगरातल्या गवंड्यासारखी बोलते.' सगळे हसले. तेव्हापासून तो रोमच्या बाईचा आवाज. एकदा ती भेटली तेव्हा म्हणाली, 'तू तोंड फार लवकर मिटतेस, माझी वाक्यं बाहेर राहतात.' मी तिची माफी मागितली.

मग मी ठरवलं, कुणी ऐकतच नाही तर काय हवं ते बोलावं. प्रार्थना म्हणाले. आईची भाताची पेज कशी करायची ते म्हणाले. पुष्कळदा वडिलांशी भांडले. त्यांनी माझा एकही सिनेमा पाहिलेला नाही आणि पाहिला असता तरी त्यांना ऐकू आलं नसतं, म्हणून मनात होतं ते सगळं त्यांना बोलून घेतलं. मी नर्स झालेल्या एका सिनेमात, जिथे मी खिडकीत उभी राहून पायमोजे चढवते आणि लोक शिट्ट्या मारतात, तिथे मी त्यांना सांगत होते, की तुम्ही मला घरातून काढलं नाहीत, मीच निघाले, आणि तुमच्या दारापर्यंत दोनदा येऊन परत गेले. तुमचा भाऊ जेव्हा म्हणाला, की तुम्ही हे वाचू शकता, तेव्हा मी त्या ओल्या बाकावर बसले, कारण मला पहिल्यांदाच कुणीतरी उघडं पाहिल्यासारखं वाटलं.

नर्सचा सिनेमा तुमच्याकडे आला तर पाहू नका, असं लिहिणार होते. आता लिहीत नाही. पाहा. तुम्हाला ते कसं वाटलं हे मला सांगाल का? माझ्या कामाबद्दल आजवर कुणी मला काही सांगितलेलं नाही, फक्त माझ्याबद्दल सांगतात.

आता तुमच्या भावाचं. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तो रोज सकाळी येतो, काही विचारत नाही आणि माझे कपडे नीट आहेत ना ते तपासतो. काल मला ताप होता आणि मी शालीवर शाल घेऊन दार उघडलं, तर त्याला भलतीच आशा वाटलेली दिसली. हे मी तुम्हाला चेष्टेनं लिहीत नाही. ज्या माणसाला मी कपड्यांत जास्त आवडते असा हा पहिलाच.

आणखी एका सिनेमाचा करार राहिला आहे, तो मी सप्टेंबरपर्यंत पुरा करीन आणि मग पुढचा घेणार नाही. तारांतोत मला शिवणकाम मिळेल की नाही ते तुम्हालाच माहीत. रस्त्यात कुणी ओळखलं तर मी दोन शब्द बोलेन. हा आवाज ऐकून कुणालाच पटणार नाही की ती मी.

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही दोघं मोल्फेत्ताला येतो. तुमच्या आईला जेवढं सांगायचं तेवढं तुम्ही सांगा. मी तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्या समोर खिडकीकडे तोंड करून बसेन, तुमच्या भावाला माझ्या बाजूला बसवा, आणि मग मी त्याला 'हो' म्हणेन. तोपर्यंत त्याला सांगू नका. त्या वेळी मी जे बोलेन ते तो ऐकेल आणि तुम्ही वाचाल, आणि दोघांना एकच वाक्य मिळेल. माझ्या बाबतीत असं आजवर झालेलं नाही.

तुमची,
एडा कोमुत्सी